बेटावर जायचं ठरलं त्या वर्षी

आमची मुलगी डब्लिनला असते. लग्न झाल्यावर ती आणि जावई नोकरीसाठी तिकडे गेले, आमची नात तिकडेच जन्मली आणि आता ती सात वर्षांची आहे. या सात वर्षांत तिचा हात मी फक्त दोन खेपांना माझ्या हातात धरला. बाकी ती मला फोनच्या काचेतच वाढताना दिसली. दात पडले, नवे आले, केस कापले, पुन्हा वाढले.

दुसऱ्या खेपेला ते तिघं इंदूरला पंधरा दिवस राहिले. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागले होते. घरात रोज पाहुणे. राऊहून नणंद, उज्जैनहून धाकटे दीर, ह्यांच्या पीथमपूरच्या कारखान्यातले जुने सोबती. एक दिवस दालबाफले, एक दिवस श्रीखंडपुरी, संध्याकाळी गराडूच्या कंदाचे काप तळायचे. परतीच्या दिवशी विमानतळाच्या दाराशी मुलीने मला मिठी मारली आणि म्हणाली, "आई, पंधरा दिवस झाले, पण तू काही भेटली नाहीस."

"म्हणजे काय? घरातच तर होते."

"घरात नाही, ओट्यापाशी होतीस. मी बोलायला आले की तू माझ्या हातावर चव बघायला काहीतरी ठेवायचीस. मग मी चव बघून परत जायचे."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग मला आला. गाडीत बसल्यावर मी ह्यांना म्हटलं, "कोणासाठी करत होते मी हे सगळं?" हे गाडी चालवत होते. तीन-चार चौक गेल्यावर म्हणाले, "तिला भूक नव्हती गं." त्यानंतर आठ दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

आमचा फोन रविवारी दुपारी होतो. आमची जेवणं झालेली असतात, त्यांची सकाळ नुकतीच सुरू झालेली असते. जेवलात का, थंडी आहे का, बाबांचा गुडघा कसा आहे, एवढ्यावर दहा मिनिटांत सगळं संपायचं. फोन ठेवल्यावर मी थोडा वेळ तसाच हातात धरून बसायचे. फेब्रुवारीतल्या अशाच एका रविवारी मुलगी म्हणाली, "आई, या डिसेंबरला आम्ही इंदूरला येणार नाही."

मी म्हटलं, "बरं."

"अगं, ऐकून तर घे. अंदमानला येणार. तुम्ही दोघंही तिकडेच या. सात दिवस. तिथे ना तुझं स्वयंपाकघर, ना नातेवाईक. आणि पडून राहायची सुट्टी नाही हं. रोज सगळ्यांनी मिळून काहीतरी करायचं. होडी वल्हवायची, जंगलातून चालत किनाऱ्यावर जायचं, समुद्रात तोंड घालून प्रवाळ आणि मासे बघायचे."

"आणि दुपारी सोना कब है?" ह्यांनी मागून विचारलं. आमच्या घरात गंभीर प्रश्न नेहमी हिंदीत येतात.

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. प्रवाळ कसं तयार होतं, बेटाभोवती त्याची भिंत कशी उभी राहते, हे दर वर्षी निळ्या आणि गुलाबी खडूने फळ्यावर काढायचे. मुली वहीत उतरवून घ्यायच्या. प्रत्यक्षात समुद्र मी तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा साडी वर धरून घोट्यापर्यंतच गेले होते. इंदूरच्या माणसाला पाणी म्हणजे नळाला आलेलं नर्मदेचं पाणी. त्यात कोणी पोहत नाही.

पुढच्या रविवारी मुलीने एक तक्ता पाठवला. आम्हा सगळ्यांना त्यात आपापल्या फोनवरून लिहिता येत होतं. सात दिवसांचे सात रकाने, सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि प्रत्येकापुढे कोण काय करणार. तिसऱ्या दिवशी समुद्रात मासे बघायचे होते. त्यापुढे जावयाचं नाव, मुलीचं नाव, नातीचं नाव, आणि माझ्यापुढे प्रश्नचिन्ह. ह्यांच्यापुढे प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं. 'किनाऱ्यावर छत्रीखाली' असं लिहून मुलगी मोकळी झाली होती.

ते प्रश्नचिन्ह मला दिवसभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना न सांगता रिक्षा करून तरणतलावावर गेले आणि सकाळच्या बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. माझं वय तेव्हा साठला दोन कमी. शिकवणारी बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची, आडदांड, शिट्टी गळ्यात. तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "आंटीजी, कमरदर्द के लिए आई हो क्या?"

"नहीं, समुंदर के लिए."

ती हसली नाही, एवढं मला आठवतं. म्हणाली, "फिर तो ठीक से सीखना पड़ेगा."

घोट्यापर्यंत येणारा पोहण्याचा पोशाख घेऊन आले तेव्हा ह्यांना सांगावंच लागलं. त्यांनी तो हातात धरून उजेडात उलटासुलटा पाहिला. मला वाटलं, आता थट्टा होणार. पण ते म्हणाले, "सकाळी साडेसहाला सोडत जाईन तुला. तू पाण्यात असशील तोवर मी चालेन." आणि खरंच चालायला लागले. आधी तलावाबाहेरच्या रस्त्यावर, मग रालामंडलच्या टेकडीवर. जंगलातून जायचा रस्ता चिखलाचा आणि चढउताराचा असतो, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गुडघ्याला पट्टा बांधून ते आठवड्यातून दोनदा टेकडी चढायचे आणि घरी आल्यावर तक्त्यात लिहायचे, 'आज न थांबता.' नाहीतर, 'आज तीनदा थांबून.'

पाण्यात माझं काही जमत नव्हतं. हात-पाय मारायला मी शिकले, पण तोंड पाण्यात घातलं की जीव घाबरायचा. मी श्वास कोंडून धरायचे, छाती फुटायला आली की धडपडून उभी राहायचे. पाणी माझ्या छातीइतकंच होतं, तरी. शिट्टीवाली बाई काठावरून ओरडायची, "पकड़ के मत रखो, छोड़ो!" महिनाभर मला कळलंच नाही, सोडायचं म्हणजे काय सोडायचं.

ते मला नातीने शिकवलं. एका रविवारी मी कबूल केलं की मला भीती वाटते. ती लगेच उठून गेली आणि एका भांड्यात पाणी घेऊन आली. म्हणाली, "आजी, तू पण आण." मी डायनिंग टेबलावर पातेलं ठेवलं. तिकडे तिने भांड्यात तोंड घातलं आणि बुडबुडे काढले. "असं. बाहेर जास्त, आत थोडं. गाणं म्हणते तसं." तिचं मराठी असंच आहे, मोजक्या शब्दांचं. पण मला त्या दिवशी ते पुरलं. मी पातेल्यात तोंड घातलं. वर आले तर ती टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या नाकावरून आणि माझ्या नाकावरून पाणी गळत होतं.

जुलैपर्यंत मी तलावाची रुंदी पार करायला लागले, सप्टेंबरपर्यंत लांबी. तक्त्यातलं प्रश्नचिन्ह नातीने पुसलं आणि तिथे एक मासा काढला.

आता रविवारचा फोन दीड तास चालायचा. बोटीत कोणी कोणाशेजारी बसायचं, पाऊस आला तर काय करायचं, पाण्यात घालायचे बूट इंदूरमध्ये मिळतात का. जावई तसा कमी बोलणारा, तोही ह्यांच्याशी भरती-ओहोटीच्या वेळांवर चर्चा करायचा. मी भूगोलाच्या जुन्या वह्या काढल्या आणि नातीला प्रवाळाची चित्रं काढून दाखवायला लागले. एकदा तिने तक्त्यात स्वतःच्या हाताने एक ओळ घातली. 'झोप' असं लिहून पुढे, 'आजी आणि मी.' सातही दिवस. मी ती ओळ भाजी निवडतानासुद्धा फोन उघडून बघायचे. कोणी विचारलं असतं तर मी बेटाची वाट बघतेय असं म्हटलं असतं. खरं म्हणजे मी त्या ओळीची वाट बघत होते. शेजारी झोपलेल्या लेकराचा श्वास किती वर्षांत ऐकला नव्हता.

निघायला अठरा दिवस राहिले असताना मुलीचा फोन आला, मंगळवारी. रविवार नसताना फोन आला म्हणूनच मी घाबरले. नातीच्या कानाला संसर्ग झाला होता आणि कानाचा पडदा फाटला होता. काळजीचं नव्हतं, आपोआप भरून येणार होता, पण डॉक्टरांनी पाणी पूर्ण बंद सांगितलं होतं आणि इतक्यात विमानही नको म्हणाले होते.

"मग राहू दे," मी म्हटलं. "तब्येत आधी. पुढच्या वर्षी जाऊ."

"पुढच्या वर्षी मला एवढी रजा मिळणार नाही, आई. तिच्याजवळ तिचा बाबा राहतोय. मी एकटी येते."

"लेकराला सोडून?"

"तू फक्त ये म्हण. बाकीचं मी बघते."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी "ये" म्हटलं. म्हटल्याबरोबर असं वाटलं की नातीशी बेइमानी केली. तक्ता उघडून पाहिला. 'आजी आणि मी' तिथेच होतं. ते पुसायचं कोणालाच सुचलं नव्हतं, किंवा सुचूनही कोणी पुसलं नव्हतं.

चेन्नईच्या विमानतळावर मुलगी भेटली. दोन वर्षांत ती बारीक झाली होती, आणि कानापाशी तिचे केस पांढरे झाले होते. फोनवर ते दिसत नव्हतं. पोर्ट ब्लेअरहून मोठ्या बोटीने आम्ही हॅवलॉकला गेलो. पाण्याचा रंग बघून हे इंदुरी थाटात म्हणाले, "रंग टाकलाय का भिया यात?" आणि बोटीवरचा माणूस हसायला लागला. सगळं छान होतं. पण जेवायला बसलो की टेबलाला पाच खुर्च्या असायच्या, खोलीत मुलीच्या पलंगाला लागून एक छोटा पलंग होता, आणि आम्ही तिघंही त्याच्याकडे न बघता बोलायचो.

तिसऱ्या दिवशी आम्ही तक्त्यात लिहिल्याप्रमाणे जंगलातून चालत त्या किनाऱ्यावर गेलो. रस्ता खरंच चिखलाचा निघाला. हे सगळ्यात पुढे होते, एकदाही थांबले नाहीत. किनाऱ्यावर वाटाड्याने आम्हा दोघींना डोळ्यांवर लावायचे चष्मे आणि तोंडात धरायच्या नळ्या दिल्या, एक रबरी कडं दिलं आणि पोहत आम्हाला ओढत नेलं. हे घोटाभर पाण्यात चप्पल हातात घेऊन उभे राहिले.

मी तोंड पाण्यात घातलं. बुडबुडे सोडले. आणि खाली ते होतं. फळ्यावर मी त्याला गुलाबी करायचे, ते गुलाबी नव्हतंच. मातकट, जांभळट, शेवाळी, आणि त्यात मध्येच एक निळा मासा असा फिरला की मला हाक मारावीशी वाटली. नातीला. मी खरंच नळीतून काहीतरी बोलले, आणि त्याच क्षणी शेजारून कोणीतरी माझा दंड घट्ट धरला.

मुलगी होती. तिच्या चष्म्यात पाणी शिरलं होतं. नळी तोंडातून सुटली होती आणि ती माझ्यावर चढून वर यायला बघत होती. आठवड्यातून तीनदा पोहणारी, सगळा बेत आखणारी माझी मुलगी. वाटाड्या कड्याच्या पलीकडून "दीदी, पकड़ो, पकड़ो" म्हणत होता, पण ती कडं न पकडता मलाच पकडत होती. मी डोकं वर काढून नळी थुंकली, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि ओरडले, "सोड! श्वास बाहेर सोड! आत नंतर घे!" तिने माझ्याकडे पाहिलं. तापात असताना लहानपणी पाहायची तसं. मग तिने श्वास सोडला. दोनदा, तीनदा. वाटाड्याने तिचा हात कड्यावर ठेवला आणि आम्ही किनाऱ्याकडे वळलो.

तेव्हा मला हे दिसले. छातीभर पाण्यात, सदरा अंगावर, चष्मा नाकावर, एका हातात अजून चप्पल. त्यांना पोहायला येत नाही. ते आमच्या दिशेने चालत येत होते, आणि अजून दोन पावलं टाकली असती तर कोणाला तरी त्यांनाच बाहेर काढावं लागलं असतं.

वाळूवर मुलगी बराच वेळ खोकत बसली. मग रडायला लागली. म्हणाली, "मी तिला सोडून आले. पाणी तोंडात गेलं आणि एकच डोक्यात आलं, ती तिथे आहे आणि मी इथे आहे. असं कधी झालं नव्हतं मला."

मी तिच्या पाठीवरची वाळू झाडत होते. म्हटलं, "तू शिकायला सिमरोलला होतीस ना, तेव्हा शनिवारी संध्याकाळी बसने यायचीस. तू आयर्लंडला गेलीस, त्यानंतर वर्षभर मी शनिवारी त्या थांब्यावर जायचे. हातात भाजीची पिशवी असायची, म्हणजे कोणी विचारलं तर सांगायला. बस यायची, मुलं उतरायची, मग मी घरी यायचे."

तिने मान वर केली. "हे तू कधी बोलली नाहीस."

"तू बोलायला आलीस तेव्हा मी हातावर काहीतरी ठेवलं असेल."

ती रडता रडता हसली. हे थोडे दूर बसून पँट पिळत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण मान न वळवता म्हणाले, "मी पण जायचो. बुधवारी. तुझ्या आईला माहीत नाही."

बुधवारी का, ते मी अजून विचारलेलं नाही. बुधवारी ती कधी यायची नाही.

तासाभराने आम्ही दोघी पुन्हा पाण्यात गेलो. या वेळी मी तिचा हात धरला होता आणि तिने मला धरू दिला. उरलेले दिवस आम्ही तक्त्यातलं सगळं केलं. खारफुटीतून होडी वल्हवली, दोनदा झाडाला धडकलो, पाऊस आला तर भिजलो. संध्याकाळी ती डब्लिनला फोन लावायची. कानाला कापूस लावलेली नात दिसायची. मी काय काय पाहिलं ते तिला सांगताना मी थोडं कमी करून सांगायचे. समुद्र लहान करायचे, मासे कमी करायचे. मुलीच्या ते लक्षात यायचं.

चेन्नईला आमची विमानं वेगळी होती. तिचं आधी होतं. आत जाण्यापूर्वी तिने बाबांना वाकून नमस्कार केला, मला केला, आणि मग वळून पाहिलं नाही. तिची ती सवयच आहे, वळून पाहिलं की तिला जाववत नाही. आम्ही दोघं पुढचे चार तास एका बाकावर बसून होतो. ह्यांनी दोनदा चहा आणला.

इंदूरला आल्यावरच्या पहिल्या रविवारी नातीने फोन स्वतः उचलला. कान बरा झाला होता. तिने मला नीट बघितलं, आणि मग म्हणाली, "आजी, तू मला सोडून का गेली?"

मी उत्तरं तयार ठेवली होती. डॉक्टर म्हणाले म्हणून, तिकिटं काढली होती म्हणून. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं."

"तू रडली?"

"एकदा."

"पाण्यात?"

"पाण्यात."

तिने विचार केला. "मग मासे बघितले ते खरं का खोटं?"

"खरे बघितले."

"सगळे सांग," ती म्हणाली. "छोटे नको करू. आई म्हणाली, तू छोटे करते."

पलीकडे मुलगी कुठे दिसत नव्हती. मी निळ्या माशापासून सुरुवात केली. मराठीतच सांगत होते. अर्धे शब्द तिला कळत नसणार, पण ती मध्ये थांबवत नव्हती. फोनच्या अगदी जवळ आली होती. इतकी जवळ की मला तिचा फक्त एक डोळा आणि कपाळाचा थोडा भाग दिसत होता.